दोन्ही पाय टेकतील अशी सायकल

संपत आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. मंडईच्या मागे, शुक्रवार पेठेत आमची जुनी इमारत आहे, लिफ्ट नाही. त्याचा डावा पाय वयाच्या दुसऱ्या वर्षीच पोलिओनं गेला, तरी बिऱ्हाड मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी नऊला तो जिना उतरतो ते न बघताही कळतं. एक पाऊल जोरात, दुसरं घासत. उजवा हात कठड्यावर, डाव्या हातानं डावी मांडी दाबून धरलेली, म्हणजे गुडघा अचानक मुडपत नाही. नाना पेठेतल्या एका वर्कशॉपात तो वेल्डिंग करतो. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. त्यानं मारलेला जोड रंग दिल्यावर शोधून सापडत नाही.

या माणसानं दोन वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर एक सायकल बांधली. त्या सायकलीचं आणि त्याच्या भावाचं जे झालं ते मला त्यानंच सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, कधी जिन्यात, कधी आमच्या स्वयंपाकघरात चहा घेताना. काही त्याच्या बायकोनं, विजयमालानं सांगितलं.

संपत मूळचा हडपसरपुढच्या मांजरी गावचा. घरची शेती होती, ऊस होता. ज्ञानदेव त्याचा थोरला भाऊ, पाच वर्षांनी मोठा. हायस्कूल हडपसरला, आणि संपतला तेवढं चालणं शक्य नव्हतं. तो पाचवीत गेला तेव्हा ज्ञानदेव दहावीत होता. त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून संपत शाळेत जायला लागला. त्या वर्षी ज्ञानदेव नापास झाला. त्याची शाळा सुटली, पण हडपसरची फेरी सुटली नाही. सकाळी भावाला शाळेत सोडायचं, परत येऊन उसाला पाणी द्यायचं, पाचला पुन्हा फाटकाशी उभं राहायचं. पावसाळ्यात चिखलात चाक रुतलं की तो खाली उतरून सायकल ढकलायचा, पण संपतला उतरू द्यायचा नाही. असं सहा वर्षं चाललं. संपत दहावी झाला, पुढं आयटीआय करून कामाला लागला, ते सगळं त्या कॅरिअरच्या जोरावर.

"दादाच्या पाठीचा घाम मला अजून आठवतो," संपत एकदा म्हणाला. "सदऱ्यावर नकाशासारखा पसरायचा. मी रोज बघायचो, आज कुठपर्यंत गेला."

पुढं गाव शहरात आलं आणि जमिनीला बिल्डर लागले. वडील गेलेले होते. सगळी भावकी विकायच्या बाजूची, ज्ञानदेवही. संपतचं म्हणणं एवढंच होतं की विहिरीजवळचा तुकडा ठेवावा. तसा तो बोलून दाखवायला गेला. बैठकीत चुलते होते, शेजारी होते, बिल्डरचा माणूस होता. ज्ञानदेव थकलेला होता, चिडलेला होता. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "ह्याला मी जन्मभर वाहिलाय. ह्यानं मला शेत शिकवू नये."

संपतनं सही केली आणि त्याच महिन्यात बायको-मुलीला घेऊन तो शहरात राहायला आला. भावाशी बोलणं बंद केलं. तीन वर्षांनी आई गेली तेव्हा तो गेला, स्मशानात एका कडेला उभा राहिला आणि न बोलता परत आला. घरात ज्ञानदेवचं नाव काढायची सोय नव्हती. विजयमालानं एकदोनदा विषय काढून पाहिला, तर तो ताटावरून उठला. अशी नऊ वर्षं गेली.

सायकलीचं खूळ काढलं ते त्याच्या मुलीनं. उत्कर्षा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका संध्याकाळी तिनं फोन पुढं केला. "बाबा, हे बघा ना. चॉपर म्हणतात याला. लोक घरीच बनवतात. कसली लो सीट आहे बघा."

पडद्यावर एक परदेशी म्हातारा आरामखुर्चीत बसावं तसा सायकलवर बसला होता. पुढचं चाक लांब पुढं गेलेलं, हँडल खांद्याइतकं उंच, सीट मात्र जमिनीपासून हातभर. सिग्नलला तो थांबला आणि बसल्या जागीच त्यानं दोन्ही पाय रस्त्यावर टेकवले.

संपतनं तो व्हिडिओ तीनदा बघितला. मग म्हणाला, "पायडल पुढं आहे. म्हणजे अंगाचा भार पायावर येतच नाही."

"तेच तर!"

"एक पाय नुसता टेकवून ठेवला तर?"

उत्कर्षानं फोन खाली ठेवला. तिला ते फक्त मस्त दिसलं होतं. बापाच्या डोक्यात काय चाललंय ते तिला तेव्हा कळलं.

दिवाळी झाल्यावर काम सुरू झालं. जुन्या बाजारातून त्यानं एक काळी, बावीस इंची, मडगार्ड नसलेली सायकल आणली. वर्कशॉपच्या मालकानं जुनं वेल्डिंग मशीन वापरायला दिलं. गच्चीवर तेवढ्या विजेची सोय नव्हती, म्हणून आमच्या गिझरच्या प्लगमधून वायर वर नेली. आमचे चेअरमन बाळ आपटे दुसऱ्याच दिवशी वर जाऊन आले. "गच्ची वाळवणासाठी आहे, कारखान्यासाठी नाही," असं त्यांनी ऐकवलं. संपत म्हणाला, "अहो, मला बसता येईल अशी सायकल करतोय." आपट्यांनी त्याच्या पायाकडं पाहिलं आणि ते खाली आले. पुन्हा कधी बोलले नाहीत. उन्हाळ्यात त्यांनीच एक जुनी छत्री वर बांधून दिली.

सुट्टीचा दिवस आणि रोजची संध्याकाळ, संपत गच्चीवर असायचा. त्यानं फ्रेम मधोमध कापली. सीटचा पाइप आखूड केला, मागं कलवला. पुढच्या चाकाचा चिमटा दोन लांब नळ्या घालून पुढं काढला. पायडल पुढं आणलं, पण एकच, उजव्या बाजूला. त्याला चामड्याचा पट्टा लावला, म्हणजे पाय पुढं दाबता येईल तसा मागं ओढताही येईल. डाव्या पायासाठी फ्रेमला एक पत्र्याचा खोलगट ठोकळा जोडला. त्यात टाच बसवली की पाय आपला स्वस्थ पडून राहायचा. सीट लांब केली, केळ्यासारखी, मागं पाठ टेकायला कठडा. त्या कठड्याला त्यानं आमच्या इमारतीतल्या जिन्यासारखी वेलबुट्टी काढली.

पहिला चिमटा वाकला. त्यानं वजनाचा अंदाज घेतला नव्हता. दुसरा केला, तर चाक सरळ राहीना, हात सोडला की बाजूला पडायचं. कोन बदलला, पुन्हा कापलं, पुन्हा जोडलं. मी एकदा वाळलेले कपडे काढायला गेले तेव्हा तो जमिनीवर बसून ग्राइंडर चालवत होता आणि स्वतःशीच हसत होता. नऊ वर्षांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

विजयमाला मात्र वर येत नसे. चहा उत्कर्षाच्या हातून पाठवायची. मला वाटायचं, तिला हा उद्योग पसंत नसावा. कारण वेगळं होतं, ते मला पुढं कळलं.

मे महिन्यात सायकल खाली उतरवली. तीन मजले, चौघांनी धरून. रविवारी पहाटे सारसबागेजवळच्या मोकळ्या रस्त्यावर उत्कर्षा मागचा कठडा धरून धावली. संपत तीन वेळा पडला. सीट एवढी बुटकी की पडणं म्हणजे कलंडणं. चौथ्यांदा उत्कर्षानं हात सोडला तरी त्याला कळलं नाही. तो गेला, गेला, पार चौकापर्यंत गेला. लांब चिमट्यामुळं वळायला रस्त्याची पूर्ण रुंदी लागायची. तो वळला आणि परत आला. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, दोन्ही पाय रस्त्यावर टेकवून, हँडलवर कपाळ ठेवून रडला. उत्कर्षा सांगते की तिला त्याच्याजवळ जायचं धाडस झालं नाही.

पुढचे दोन रविवार त्यानं सराव केला. तिसऱ्या रविवारी पाच वाजता उठून त्यानं पांढरा सदरा घातला.

"कुठं निघालात?" विजयमालानं विचारलं.

"मांजरीला."

ती दारात आडवी उभी राहिली. "आधी फोन तरी करा. मी करते जाऊबाईंना."

"फोन नाही. मी जाऊन उभा राहणार आहे त्याच्यासमोर."

"अहो, ऐका माझं एकदा..."

"बाजूला हो," तो म्हणाला. ती बाजूला झाली.

हडपसरपर्यंत त्याला त्रास झाला नाही. दुकानदार शटर उघडताना थांबून बघत होते, पोरं फोटो काढत होती. मांजरीच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं एका टपरीवर पाणी प्यायलं आणि बोलायचं वाक्य मनात पक्कं केलं. सायकल बांधायला घेतली त्या दिवसापासून ते वाक्य त्याच्या मनात होतं.

ज्ञानदेवचा बंगला तीन मजली. तो ओट्यावर खुर्चीत बसला होता, अंगावर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा. फाटकाशी काहीतरी विचित्र येऊन थांबलेलं पाहून त्यानं डोळे बारीक केले.

"कोन हाय?"

"मी." संपत उतरला नाही. तसाच बसून राहिला, दोन्ही पाय टेकवून. "दादा, आता मला कुनी वाहायची गरज न्हाई. बघ. माझा मी आलोय."

ज्ञानदेव उठून सावकाश फाटकापर्यंत आला. "संपत? आरं, तू... आन् वाहायची गरज म्हंजी? कोन म्हनलं तुला?"

"तू म्हनला."

"मी?"

"बैठकीत. समद्यांच्या म्होरं. ह्याला जन्मभर वाहिलाय म्हनला."

ज्ञानदेव फाटकाला धरून उभा राहिला. तो आठवत होता, हे दिसत होतं. कपाळाला आठ्या, ओठ हलताहेत. मग त्यानं मान हलवली.

"मला न्हाई आठवत रं."

संपत सायकलवरून खाली उतरला.

"म्हनलो आसंन," ज्ञानदेव म्हणाला. "तू म्हनतोस तर म्हनलोच आसंन. त्या वक्ताला मी कुनाकुनाला काय बोललो... पर तू तेवढ्यासाठी? आय गेली तवा पन?" त्यानं फाटकाची कडी काढली. "मला वाटत हुतं, जिमिनीचा राग हाय तुला. म्हनलं, निवंल तवा यील."

फाटक उघडताना त्याची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत शीर दोरखंडासारखी फुगली होती, तिच्यावर सुयांचे डाग. संपतनं तेव्हा कुठं भावाकडं नीट पाहिलं. गालफडं बसलेली, रंग मातीसारखा, सदरा खांद्यावरून लोंबतोय.

"हे काय?"

"डायलिसिस. वरीस झालं. हप्त्याला तीन डाव." त्यानं बाही खाली ओढली. "ते ऱ्हाऊ दे. गाडी दाव तुझी."

यमुनाबाई, ज्ञानदेवची बायको, बाहेर आली आणि संपतला पाहून पदर तोंडाला लावून रडायला लागली. ज्ञानदेव मात्र सायकलभोवती फिरत होता. चिमट्यावरून हात फिरवला, पत्र्याच्या ठोकळ्यात बोट घालून पाहिलं, कठड्याची वेलबुट्टी निरखली. "जोड कुटं मारलाय तेच कळंना," तो म्हणाला. मग लांब सीटकडं बघून हसला. "मागं जागा हाय की. मला बसव."

"काहीतरीच!" यमुनाबाई म्हणाली. "हाडं ठिसूळ झालीत, डाक्टरनी बजावून सांगितलंय."

"मी ह्याला सहा वर्सं बसवून न्येला. मला एक डाव तरी बसू दे."

संपत मला म्हणाला, "तिथं मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मला कळत होतं. एका पायावर माझा मीच जेमतेम निघतो. पण दादानं माझ्याकडं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं."

ज्ञानदेव मागं बसला, त्यानं भावाच्या कमरेला धरलं. संपतनं जोर लावला. सायकल हलली, दहा-पंधरा हात गेली. ज्ञानदेव लहान पोरासारखा हसला, "आरं, चालली की!" पुढं रस्त्याला थोडा उतार होता. वजन मागं, चिमटा लांब. पुढचं चाक उचलल्यासारखं हलकं झालं आणि हँडल वळलं. दोघं पडले. बुटक्या सीटवरून पडणं म्हणजे कलंडणंच. संपतला नुसतं खरचटलं. ज्ञानदेव उजव्या कुशीवर पडला आणि उठेना. खुब्याचं हाड मोडलं होतं.

त्याचा मुलगा विश्वजीत गाडी घेऊन आला, दवाखान्यात नेलं. संपत संध्याकाळी बसनं घरी आला. विजयमाला दारातच होती. तिला फोन आला होता.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"हो."

"वर्षभर?"

"जाऊबाईंनी शपथ घातली होती. भाऊजींनी त्यांना बजावलेलं, संपतला कळता कामा नये, कीव म्हणून यायला नको त्यानं. यायचं तर आपणहून यावं."

"आणि मी वर गच्चीवर लोखंड घासत बसलो होतो. तू चहा पाठवत होतीस."

"मग काय करायचं होतं मी?" विजयमाला नऊ वर्षांत पहिल्यांदा ओरडली. खालपर्यंत ऐकू आलं. "त्यांचं नाव तरी घेऊ देत होता का तुम्ही? सकाळी अडवलं, तर बाजूला हो म्हणालात!"

मग फक्त तिच्या रडण्याचा आवाज आला.

ऑपरेशन झालं, पण ज्ञानदेव पुन्हा उभा राहिला नाही. घरी आणल्यावर आठवड्यातून तीन वेळा त्याला स्ट्रेचरवरून डायलिसिसला न्यायचे. संपत रोज कामावरून परस्पर मांजरीला जायला लागला. बस, मग सहा आसनी रिक्षा, मग चालत. जिना चढायचा तो अगदी मोडून आलेला. पण त्या दोन महिन्यांबद्दल तो बोलतो तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होतो.

पहिल्या दिवशी तो खाटेजवळ मान खाली घालून बसला होता. ज्ञानदेव म्हणाला, "मी तुला कॅनॉलपाशी पाडला हुता, ध्येनात हाय? तुझं डोस्कं फुटलं हुतं. मी आयला सांगितलं, संपत झोपला म्हनून पडला. तुला मार बसला." तो हसला. "आज फिटलं."

"दादा, नको ना."

"आरं, हास की जरा."

ते जुनं बोलायचे. कधी नुसते बसायचे. संपत त्याचे पाय चेपायचा. एकदा ज्ञानदेव डोळे मिटून पडला होता, संपतला वाटलं झोपलाय. तो एकदम म्हणाला, "मी रोज हुडकतोय."

"काय?"

"ते बोलनं. बैठक आठवती. चुलता कुटं बसला हुता, ते आठवतं. चहा सांडला हुता, ते पन. तेवढंच काय ते आठवंना."

"सोड ना दादा. मी सोडलंय."

"न्हाई. आठवल्याबिगर माफी कशाची मागू?"

नऊ वर्षं ज्या शब्दाला तो उराशी धरून बसला तो भावाकडं नव्हताच, असं संपत मला म्हणाला. "मी त्याच दिवशी विचारलं असतं, का रे म्हणालास, तर त्याच दिवशी संपलं असतं. मी विचारलंच नाही. मला वाटलं, एवढं बोलल्यावर माणसाला आठवणारच."

आषाढात, एका मंगळवारी दुपारी ज्ञानदेव गेला. त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही.

संपत वर्कशॉपात होता. तो पोचला तेव्हा तयारी झालेली होती. स्मशानात तिरडी गाडीतून उतरवून चौथऱ्यापर्यंत वीसेक पावलं न्यायचं होतं. विश्वजीतनं पुढून त्याच्यासाठी जागा केली, "काका, या." संपतनं खांदा दिला. डावं पाऊल पडलं की तो खाली जायचा आणि तिरडी त्याच्या बाजूला कलायची. तीन पावलं झाली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "संपतकाका, ऱ्हाऊ द्या, तुम्ही नुसता हात लावा." त्यानं खांदा काढला. हात लावून चालायला लागला, पण त्यांची चाल त्याला झेपेना. बाकीचे पुढं गेले. तो मागं राहिला, मागून पोचला.

त्यानंतर महिनाभर तो आमच्याशीही बोलला नाही. जिन्यात भेटला की बाजूला उभा राहायचा, मला आधी जाऊ द्यायचा. विजयमाला त्याच्याशी बोलायची, तो हो-नाही करायचा. मांजरीहून परत आणलेली सायकल गच्चीवर नेऊन झाकून ठेवायची का, असं उत्कर्षानं विचारलं, तर म्हणाला, "कशाला? लोखंडाचा काय दोष." तो सायकलवरून कामाला जायला लागला. पेठांमधून लोक वळून बघतात, कॉलेजची पोरं तशीच करून द्या म्हणून मागं लागतात. तो नाही म्हणतो, कारण सांगत नाही.

श्रावणातल्या एका रविवारी तो सायकलवरून मांजरीला गेला. वहिनीला भेटून बरेच दिवस झाले होते आणि बसनं जाण्याइतका पायात जोर उरला नव्हता. यमुनाबाई दारात आली. फाटकाशी सायकल पाहिली आणि तशीच आत गेली. संपत बाहेरच थांबला. बऱ्याच वेळानं ती पुन्हा आली, फाटकापर्यंत आली, पण नजर सायकलवर पडणार नाही अशी उभी राहिली.

"भावजी, तुम्ही येत जावा," ती म्हणाली. "तुमच्यावर राग न्हाई माझा. द्येवाशपथ न्हाई. पर ही गाडी हितं आनू नका. माझ्यानं बघवत न्हाई."

"बरं वहिनी."

त्यानं सायकल वळवली. तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो. यमुनाबाई तेवढा वेळ तोंड फिरवून उभी होती.

आता रविवारी तो बसनं जातो. सकाळी सातच्या सुमाराला जिन्यात त्याची पावलं वाजतात. मध्येच थांबतात, दम घेतात आणि पुन्हा उतरायला लागतात.